मंजुषानं शोधलेली शाळा

नाशिकच्या फुलबाजारात सकाळी आधी मंजुषाचा आवाज ऐकू यायचा आणि मग मंजुषा दिसायची. झेंडूच्या कॅरेटांमागे उभी राहून ती एकाच वेळी गिऱ्हाइकाशी भाव करी, शेजारच्या बाईला तिच्या सुनेची तब्येत विचारी आणि टेम्पोवाल्याला गाडी जरा मागं घ्यायला सांगे. तिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेतलं. वडील पुंजाराम हसून म्हणत, "हिला बागेत उभी केली की पाखरं हाकायला वेगळा माणूस लावायला नको." शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेचा कप तिनं दोनदा आणला होता, आणि कॉलेजचं पहिलं वर्ष झाल्यावर लग्न ठरलं तेव्हा बघायला आलेल्या पाहुण्यांना तिनंच जास्त प्रश्न विचारले होते.

सासर मखमलाबादच्या पुढे, मातोरीच्या रस्त्याला. मळ्यातच घर. नवरा भारत, सासू अंबूबाई, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी झालेली मुलगी हर्षाली. रानात झेंडू आणि शेवंती, पाटाच्या कडेला मेथी-कोथिंबीर. भारत रान बघायचा, मंजुषा बाजार बघायची. दोघांचं छान जमलेलं होतं.

हर्षाली आईवर गेली आहे असं सगळे म्हणत. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या आजीला ती दिवसभर काहीबाही सांगत असायची. वासरं, कोंबड्या, पाण्याची मोटार, प्रत्येकाला तिनं नाव ठेवलेलं. गोष्ट सांगायला लागली की मधेच थांबून आजीला विचारायची, "मी काय म्हणले, सांग बरं." आजीचं लक्ष नसलं की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे पहिल्या पालकसभेला बाईंनी जे सांगितलं ते मंजुषाला आधी कळलंच नाही.

शाळा गंगापूर रोडच्या बाजूची, इंग्लिश मीडियमची, मोठी. भारतचा मोठा भाऊ संतोष नाशिक रोडला राहायचा. त्याची मुलं अशाच शाळेत जायची आणि फाडफाड इंग्रजी बोलायची. म्हणून भारतनंही हौसेनं हर्षालीचं नाव बालवर्गापासूनच तिथं घातलं होतं. पिवळी बस थेट मळ्याच्या फाट्यापर्यंत यायची. टाय लावलेल्या हर्षालीचा फोटो भारतच्या मोबाइलवर कितीतरी दिवस होता.

"तिच्या बोलण्याचं तुम्ही कुठे दाखवलंय का?" बाईंनी विचारलं.

"बोलण्याचं म्हणजे? लय बोलते का वर्गात?" मंजुषा हसली. "घरी पण तेच. मी सांगते तिला."

बाईंनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. "ती एक शब्द बोलत नाही, मॅडम. जूनपासून. हजेरीला 'प्रेझेंट' सुद्धा म्हणत नाही. आम्हाला वाटलं तिला बोलताच येत नसावं."

घरी आल्यावर मंजुषानं हर्षालीला विचारलं तर हर्षालीनं "बोलते की" असं म्हणून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मंजुषानं आजी-नातीचा संवाद मोबाइलवर गुपचूप टिपला आणि पुढच्या सभेला बाईंना ऐकवला. बाईंनी तो दोनदा ऐकला.

"ही हर्षाली?"

"हीच."

"म्हणजे येतं तिला. मग मुद्दामच करते," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, आणि प्रत्येकाच्या आईबापाला इंग्रजी हवं. आता मुलीला बोलता येतं हे कळल्यावर त्यांनी जोर लावला. बोललीस तर चॉकलेट देईन म्हणाल्या. सगळ्या वर्गासमोर उभं करून "आज हर्षाली आपलं नाव सांगणार" असं म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. हर्षाली उभी राहिली, खाली बघत, टाळ्या संपेपर्यंत आणि संपल्यावरही. घरी येऊन तिनं वासराला नेहमीसारखं बोलून घेतलं. घरी कोणाला काही कळलं नाही.

कळलं ते पाण्याच्या बाटलीवरून. हर्षालीची बाटली संध्याकाळी भरलेली परत यायची. मंजुषाला वाटायचं, शाळेत फिल्टरचं पाणी पीत असेल. पण पहिलीच्या वर्षी, श्रावण संपता संपता, मुलीला ताप भरला आणि उतरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला.

"पाणी पीत नाही का ही?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि लघवी धरून ठेवते का?"

मंजुषा "नाही हो" म्हणणार होती. तेवढ्यात तिला भरलेल्या बाटल्या आठवल्या. रात्री कुशीत घेऊन तिनं विचारलं, "शाळेत पाणी का नाय पीत तू?"

"मग बाथरूमला लागते."

"मग जायचं."

"विचारावं लागतं ना," हर्षाली म्हणाली. जणू यात न कळण्यासारखं काय आहे.

मुलगी झोपल्यावर मंजुषानं भारतला सांगितलं. तो म्हणाला, "बाईंना सांगू, की हिला न विचारता जाऊ द्या."

सांगितलं. बाईंनी हो म्हटलं, पण वर्गातली मुलं म्हणायची, ही न विचारता जाते, मग आम्ही का विचारायचं. शेवटी शाळेनं मंजुषाला बोलावून घेतलं आणि अगदी गोड शब्दांत सुचवलं, की हर्षालीसाठी एखादी विशेष शाळा बघितली तर तिचंच भलं होईल. शहरात कर्णबधिर मुलांची एक चांगली शाळा आहे, असंही सांगितलं.

"कान चांगले हायेत तिचे," मंजुषा म्हणाली.

"तरी एकदा बघून या."

ती बघून आली. एकटी नाही, हर्षालीला घेऊन. त्या शाळेच्या अंगणात मुलं हातांनी बोलत होती, भराभर, हसत, एकमेकांना कोपरानं ढोसत. हर्षाली फाटकाशीच थबकली आणि डोळे मोठे करून बघत राहिली. एका मुलीनं हात हलवून तिला काहीतरी विचारलं, आणि हर्षालीनंही हात हलवला. मंजुषाच्या मनात आलं, असू दे, इथं तरी हिला मैत्रिणी मिळतील.

मुख्याध्यापिका वत्सला मॅडम, पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या. त्यांनी हर्षालीला समोर बसवलं, चित्रांचं पुस्तक दिलं आणि अधूनमधून काही विचारत राहिल्या. घरी कोण कोण असतं, मांजर आहे का, जेवायला काय आवडतं. मग हर्षालीला बाहेर मुलांमध्ये सोडून त्या मंजुषाकडे वळल्या.

"मी तिला जे जे विचारलं, त्या सगळ्याचं उत्तर तुम्ही दिलंत. लक्षात आलं का?"

मंजुषाला नव्हतं आलं. "ती बोलत नाय म्हणून मी…"

"हो, म्हणूनच. कुठलीही आई देईल. तुमची चूक काढत नाही मी." मॅडमनी पुस्तक मिटलं. "तुमच्या मुलीला ऐकू येतं, बोलता येतं, हुशारही दिसते. ती हट्टानं गप्प राहत नाही. बाहेरच्या माणसासमोर तिचा आवाज घशात अडकतो, भीतीनं. काही मुलांचं असं होतं. जितकं बोल बोल कराल तितका तो आत जाईल. माझ्या शाळेची तिला गरज नाही. इथं आली तर हातांच्या खुणा शिकेल आणि बोलायचं कायमचं टाळेल."

"मग कुठं घालू तिला?"

"शाळेचं नाव मी नाही सांगणार. तुम्ही बघा. मोठी-लहान, इंग्रजी-मराठी हे सगळं नंतर. आधी एवढं बघा की तिथल्या शिक्षकाला थांबता येतं का. प्रश्न विचारून थांबता येणारी माणसं फार थोडी असतात." मग त्यांनी आपला फोन नंबर दिला आणि एका समुपदेशक बाईंचाही. "आणि घरीही तेवढं करा. कोणी तिला काही विचारलं की तुम्ही गप्प राहा."

"ते मला लय अवघड जाईल," मंजुषा म्हणाली. मॅडम मोकळ्या हसल्या.

घरी भारतला हे पटेना. चांगली चालू शाळा सोडून दुसरी बघायची म्हणजे काय? शाळेला नावं ठेवायला गेलो की आपल्या मुलीतच खोट आहे असं लोक म्हणणार. "मोठी होईल तशी बोलेल," तो म्हणाला. "मी पण लहानपणी लाजाळू होतो."

अंबूबाईंचे उपाय तर सगळे करून झाले होते. नातीच्या जिभेला मध लावून झाला होता, नजर काढून झाली होती, सप्तशृंगीला ओटी बोलून झाली होती. त्या म्हणाल्या, "मी काय शाळेत गेले नाय, मला त्यातलं काय कळत नाय. पण पोरगी दिवसभर पाणी पीत नाय तिथं. बैल जरी पाणी प्यायचा बंद झाला तरी आपण दावणीला जाऊन बघतो ना, काय झालं त्याला?"

भारत उठून मोटार बंद करायला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "बघ मग. पण जाशील तिथं तिला घेऊन जा. तिला विचारून ठरव."

मंजुषानं बाजारातून आल्यावरचा वेळ शाळांना दिला. स्कूटीवर पुढे हर्षाली, डोक्यावर टोपी. पहिली शाळा वातानुकूलित निघाली. तिथं घोड्यावर बसायला शिकवायचे आणि माहिती सांगणाऱ्या बाईंनी श्वास न घेता घोड्यांपासून रोबोपर्यंत सगळं सांगितलं. मध्येच खाली वाकून विचारलं, "हॅलो! व्हॉट्स युअर नेम?" आणि उत्तराची वाट न बघता परत घोड्यांवर आल्या. दुसरी शहरातली जुनी, नावाजलेली मराठी शाळा. बाई प्रेमळ होत्या, पण एका बाकावर तीन तीन मुलं बसलेली आणि वर्गात नुसता कल्ला.

तिसरी शाळा मंजुषाला फार आवडली. शहराबाहेर, झाडांत. मुलं जमिनीवर गोल करून बसायची, मातीत खेळायची, शिक्षकांना ताई-दादा म्हणायची, मनात येईल ते विचारायची. मंजुषाला वाटलं, आपण लहान असतो तर इथून घरी गेलोच नसतो. सगळी मुलं गोल बसली, नव्या पाहुणीलाही बसवलं, आणि ताई म्हणाल्या, "आता प्रत्येकानं आज आपल्याला काय वाटतंय ते सांगायचं." बोलण्याची पाळी एकेक करत हर्षालीकडे यायला लागली. मंजुषा मागंच बसली होती. तिनं पोरीचा हात धरला तर तो गार पडला होता. उत्तर द्यायला मंजुषाचं तोंड उघडलंच होतं. तिनं ते मिटलं. हर्षालीची पाळी आली, गेली. ताईंनी समजून घेतलं, पुढच्या मुलाकडे वळल्या. शाळेत खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. मंजुषा परतताना स्कूटीवर रडली, आणि हेल्मेट होतं म्हणून बरं झालं.

नवरात्र आलं. झेंडूचे दिवस, मळ्यात कोणाला दम खायला फुरसत नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भारत म्हणाला, "जाता जाता वस्तीवरच्या शाळेत थोडी फुलं टाक. पाटीपूजनाला सरांनी मागितलीत."

वस्तीवरची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, एका बाजूला पाण्याची टाकी आणि कडुनिंब. मंजुषा रोज बाजाराला जाताना तिच्यावरूनच जायची. शाळा शोधत ती पार शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली होती, पण ही तिनं कधी मोजलीच नव्हती. भारत इथंच शिकला होता, आणि आपल्या मुलीनं इथं शिकू नये म्हणूनच तर त्यानं ती पिवळी बस लावली होती.

हर्षाली घरीच होती, तिलाही बरोबर घेतलं. व्हरांड्याच्या पायरीवर खंडेराव सर बसले होते. उंच, मिशा भरघोस, चेहरा असा की पोरं घाबरावीत. भोवती दहा-बारा मुलं तोरणं ओवत होती.

"सर, फुलं आणलीत. कुठं ठेवू?"

"ठेवा तिथं."

मंजुषानं फुलं ठेवली, यंदा पावसानं झेंडू कसा काळा पडला ते सांगितलं, दसऱ्याच्या बाजाराचा अंदाज सांगितला. सर प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होते. त्यांनी हर्षालीकडे एकदा पाहिलं. नाव विचारलं नाही, कितवीत आहे विचारलं नाही. पायरीवर जरा सरकून जागा केली आणि आंब्याच्या पानांचा ढीग हातानं तिच्या बाजूला ढकलला. हर्षाली बसली. शेजारी पूजा होती, पलीकडच्या मळ्यातल्या सहादूची मुलगी. तिनं सुई दिली. दोघी ओवायला लागल्या, एक पान, एक फूल.

मंजुषाला वाटलं होतं, दोन मिनिटांत निघू. अर्धा तास गेला. सर त्या सगळ्या वेळात चार वाक्यं बोलले असतील. हा माणूस मुलांना शिकवतो तरी काय, असा विचार करत ती निघाली.

फाट्यापाशी आल्यावर पुढून आवाज आला. "मम्मी, त्या सरांनी माझं नाव नाय विचारलं."

"हो ना. बघ की."

"मला आवडले ते." जरा वेळानं पुन्हा, "ते पण माझ्यासारखेच हायेत का?"

मंजुषानं स्कूटी बाजूला घेतली आणि थांबवली. मग ती म्हणाली, "विचारू या आपण."

दिवाळीनंतर ती एकटीच जाऊन वर्गात मागे बसली. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी, आणि दोन्हींना सर एकटेच. सरांनी एका मुलाला फळ्यावरची बेरीज विचारली. मुलगा गप्प. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले, जणू त्यांना कडुनिंबावरचं काहीतरी बघायचं होतं. बाकीची मुलं आपापलं करत होती; कोणी हसलं नाही, कोणी "सर मी, सर मी" केलं नाही. मंजुषाच्या जिभेवर उत्तर येऊन बसलं होतं. तिनं ओठ दाबून धरले. बऱ्याच वेळानं मुलगा म्हणाला, "चौदा." सर म्हणाले, "हं," आणि पुढे गेले.

दाराशी खिळ्याला एक पाटी टांगलेली होती. एक मूल उठलं, पाटी उलटी केली आणि बाहेर गेलं; परत आल्यावर सुलटी केली.

"हे काय हो सर?"

"बाथरूमला जायचं असेल तर पाटी फिरवायची. विचारायचं नाही." आणि मंजुषा काही म्हणायच्या आत त्यांनी कारणही सांगितलं, "दिवसभर 'सर जाऊ का, सर जाऊ का' ऐकून डोकं उठतं."

मंजुषानं त्यांना सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं, भरपूर. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्या मॅडमचा नंबर द्या. मला असं मूल यापूर्वी मिळालं नाही. विचारून घेतो."

भारतला पटवायला दिवस लागले. एकदा तो स्वतः शाळेच्या कुंपणाशी मोटरसायकल लावून बराच वेळ बसून आला. काय पाहिलं ते सांगितलं नाही. संतोषचा फोन आला तेव्हा मात्र तो म्हणाला, "दादा, तुझ्या पोरांना ती शाळा मानवली, माझीला नाय मानवली. चप्पल सगळ्यांना एकाच मापाची कशी येईल?" फोन ठेवल्यावर बायकोकडे बघून म्हणाला, "इंग्रजीचं काय करायचं ते नंतर बघू." ती काळजी त्याच्या मनातून गेली नव्हती, आणि मंजुषाच्याही.

हर्षाली वस्तीच्या शाळेत जायला लागली. बाटली पहिल्या आठवड्यातच रिकामी परत यायला लागली. पण बोलणं? शब्द नाही. मंजुषाला वाटलं होतं, शाळा बदलली की चमत्कार होईल. तो झाला नाही. सर आणि वत्सला मॅडम यांचं फोनवर काहीतरी ठरलं. शाळा सुटल्यावर मायलेकींनी रिकाम्या वर्गात बसायचं आणि घरी बोलतात तसं बोलायचं, एवढंच काम. मंजुषा ओवायला गजरे घेऊन यायची. पहिले काही दिवस हर्षाली तिथंही कुजबुजायची, दाराकडे बघत. मग आवाज जरा वर आला. मग एक दिवस पूजा दप्तर विसरली म्हणून परत आली आणि तिथंच बसून राहिली. ती खरंच विसरली होती की सरांनी पाठवली होती, हे मंजुषाला अजून माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी हर्षाली पूजाच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी हसून लोळल्या.

पुढे मंजुषा व्हरांड्यात बसायला लागली आणि मुली आत. मग सर आत येऊन पाठमोरे बसून वह्या तपासायला लागले. हर्षालीचा आवाज थांबला, काही दिवस थांबलेलाच राहिला, आणि मग हळूहळू सर म्हणजे कपाटच आहेत असं समजून परत सुरू झाला. मंजुषाचं सगळ्यात मोठं काम होतं ते गप्प बसण्याचं. रस्त्यात कोणी विचारलं, "काय गं, कितवीत?" की ती आपली जीभ दातांखाली धरायची. विचारणारा अवघडायचा, हर्षाली अवघडायची, मंजुषा घामाघूम व्हायची. पण ती शिकली. घरी अंबूबाई म्हणायच्या, "लेकीमुळे सून जरा शांत झाली, हा पण फायदाच म्हणायचा."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मंजुषाचा फोन वाजला. खंडेराव सर. ते कधी फोन करत नसत.

"हर्षाली म्हणाली, 'सर, टाकी भरली.'"

"काय?"

"टाकी. मोटार चालू राहिली होती. पाणी सांडायला लागलं. पूजा आज आलेली नाही. मी फळ्याकडे तोंड करून होतो. मागून म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मोटार बंद करून आलो," सर म्हणाले. "बरं, ठेवतो."

मंजुषा शेवंतीच्या वाफ्यात खालीच बसली. भारत पलीकडून ओरडला, काय झालं म्हणून. तिनं सांगितलं. तो वाफे ओलांडत आला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. संध्याकाळी हर्षाली आली तेव्हा कोणी काही विचारायचं नाही असं ठरलं होतं. अंबूबाईंनी कारण न सांगता शिरा केला. हर्षालीनं तो दोनदा घेतला आणि वासराला शाळेत आज किती पाणी वाया गेलं ते सविस्तर सांगितलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. हर्षाली तिसरीत आहे. वर्गात ती बोलते, मोठ्यानं नाही, पण सरांना ऐकू जाईल एवढं. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा ती त्यांच्यासमोर गप्पच राहिली. सरांनी साहेबांना तिची वही दाखवली आणि साहेब वही बघून पुढे गेले. किराणा दुकानात ती अजून बोटानं दाखवते. इंग्रजीसाठी मंजुषा स्वतःच रात्री पुस्तक उघडून बसते, आणि वक्तृत्वाचा कप मिळवणारी बाई स्पेलिंगला अडली की मुलगी तिला हसते. वत्सला मॅडमना दर दिवाळीला फुलं जातात.

मळ्यातल्या, बाजारातल्या बायका आता मंजुषाला थांबवून विचारतात, शाळा कोणती चांगली गं? ती शांत झाली असली तरी या विषयावर बोलायला लागली की थांबत नाही, शेवटी टेम्पोवाला हॉर्न वाजवतो. पण ती शाळेचं नाव सांगत नाही. आधी मुलाबद्दल विचारते, तो काय करतो, कशाला घाबरतो, घरी येऊन काय सांगतो. एका बाईला तर तिनं पूर्वीची ती झाडांतली शाळाच सुचवली. त्या बाईचा मुलगा प्रश्न विचारून घर डोक्यावर घ्यायचा. तो तिथं मजेत आहे.

वस्तीची शाळा चौथीला संपते. पुढच्या वर्षानंतर कुठं, हा प्रश्न आहे, पण घरात त्याची धास्ती नाही. गेल्या महिन्यात एका शनिवारी मायलेकी दोन शाळा बघून आल्या. एक मंजुषाला पसंत होती, जवळची, बायकांनी चालवलेली. दुसरी हर्षालीला आवडली, कारण तिथं कबड्डीचं मोठं मैदान होतं आणि पाटाच्या पाण्याचा आवाज वर्गात यायचा. परतताना दोघींचा स्कूटीवर वाद झाला, तो मळ्यात शिरेपर्यंत संपला नाही.

भारत गोठ्यात धार काढत होता. "काय, ठरली का शाळा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मंजुषानं स्कूटी स्टँडला लावली आणि उत्तर दिलं नाही.

"नाय अजून," हर्षाली म्हणाली. "एक आडगावची बघायची राहिली. पप्पा, तुम्ही पण चला. पूजाला पण घेऊ. आणि भाकरी झाली का विचारा ना आजीला, मला लय भूक लागलीय."